चांदीचं साळिंदर

आमच्या मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या मोबाईलमध्ये एक चांदीचं साळिंदर होतं. होतं म्हणजे बहुतेक वेळा नसायचंच, आणि तीच त्याची थोरवी. त्या खेळात तलवार घेऊन माळावर हिंडायचं, राक्षस मारायचे, आणि मारले की आपल्या गड्याचं बळ वाढतं. साधा राक्षस मारला तर चिमूटभर बळ, हे साळिंदर मारलं तर पोतंभर. पण ते दिसतच नाही. दिसलं तर त्याच्या कातड्यावर वार बसत नाही, आणि बसला तरी मरायच्या आत ते धूम ठोकतं. ज्या कुणी हा खेळ काढला त्यानं माणसाची जात बरोबर ओळखली होती, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारी.

या वाढलेल्या बळाचं करायचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणे त्यातून आणखी मोठा राक्षस मारता येतो. आणि तो मारून? आणखी बळ. म्हटलं, कप्पाळ माझं.

आमचं गाव कडेगावच्या वरच्या अंगाला. पूर्वी सगळा कोरडा ठणठणीत माळ, म्हणून इकडच्या गड्यांनी गलाईचा धंदा धरला. सोनाराकडची मोड आणि दुकानातली झाडलेली धूळ घ्यायची, तेजाबात घालायची, आटवायची आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. घरटी एक माणूस देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात भट्टीपुढं बसलेला. मामंजी तरुणपणी दक्षिणेला गेले, तिकडची भाषा शिकले, दुकान थाटलं. तेजाबाच्या वाफेनं छाती कामातून गेली तेव्हा दुकान लेकाच्या गळ्यात घालून घरी आले. सकाळी त्यांचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो.

आता कालव्याचं पाणी आलंय. ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं डोक्याच्या वर ऊस उभा आहे, आणि तो बघायला घरात दोन म्हातारी आणि मी. मला एवढंच हवं होतं की आमच्या मालकांनी दुकान बंद करून घरी यावं. गावची यात्रा करून ते परत गेले आणि त्यांनाही खोकला लागला. माझ्याशी फोनवर बोलताना एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. मी म्हणायची, या. ते म्हणायचे, दुकान आबांनी उभं केलंय, आबा म्हणतील तवा बंद करीन. तिकडं गाळ्याचा मालक दिवाळीच्या आत सांगा म्हणून मागं लागला होता, करार पुढं चालवताय की गाळा सोडताय.

आणि आबा काही म्हणायला तयार नव्हते. सुनेनं सासऱ्याला असलं थेट विचारायचं नाही, आमच्याकडं सासू हेच पोस्ट ऑफिस. मी आत्याबाईंच्या तोंडून निरोप घातला, खोकल्याचंही सांगितलं. उत्तर आलं, गलाईत खोकला यायचाच, मलाबी हुता. हुता म्हणे! असं सांगतानासुद्धा मध्ये दोनदा थांबून खोकले होते.

साळिंदराचं खूळ आमच्या मालकांनीच घरात आणलं. यात्रेला आले तेव्हा, आबांचे गुडघे गेलेत, वेळ जात नाही, म्हणून त्यांच्या मोबाईलवर तो खेळ घालून दिला. दोघांनी मिळून खेळायचं, हे तिकडून, ते इकडून, एकमेकांचं ऐकू यावं म्हणून कानात वायरी घालून. संध्याकाळी दुकान बंद झालं की बाप-लेकाची शिकार सुरू. दिवसभर चांदी आटवणारा माणूस संध्याकाळी चांदीच्या जनावराच्या मागं, आणि त्याचा बाप त्याच्या जोडीला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं आत्याबाई त्यांच्यासमोरच म्हणायच्या.

मला आधी वाटलं, चला, या निमित्तानं तरी दोघं बोलतील. दुकानाचा विषय निघेल. पण इथं या दोघांनी जे केलं ते आमच्याच भागातली माणसं करू जाणोत. उसाची तोड होत होत शेवटचा तुकडा उरतो ना, त्यात सगळ्या रानातले ससेबिसे येऊन दडलेले असतात. कायद्यानं बंदी असली तरी गडी काठ्या घेऊन भोवतीनं उभे राहतात. तिथला नियम एकच, कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. एक जण खाकरला तरी म्हातारी माणसं खाऊ की गिळू अशी बघतात. मामंजींनी हाच नियम मोबाईलला लावला! साळिंदर बुजतं म्हणून दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. पलीकडून श्वास ऐकू येतोय, अलीकडून श्वास ऐकू येतोय, आणि बोलणं शून्य. खेळ झाला की मामंजी "ठेवतो" म्हणायचे, संपलं.

मी मालकांना फोनवर झापलं. अहो, मोबाईलमधलं जनावर ते, त्याला कान आहेत का? तर म्हणाले, माहीत आहे गं मला, पण आबांची सवय आहे, राहू दे. हा त्यांचा शहाणपणा. तिकडं तोंडावर टॉवेल दाबून खोकला गिळायचे, म्हणजे आबांची शिकार मोडू नये. त्यांनी हेही मला कौतुकानं सांगितलं. मला असा संताप आला की मी फोनच बंद केला.

दिवाळीच्या तोंडावर शेळीनं मामंजींची कानातली वायर चघळून टाकली. त्या शेळीला मी त्या दिवशी जास्तीची पेंड घातली. आता आवाज उघडाच यायचा. मी सोप्यात करंज्या भरत होते, आत्याबाई लाटत होत्या, मामंजी खाटेवर मोबाईल घेऊन. एकदम ते ताठ बसले आणि हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली. साळिंदर आलं होतं.

या खेळात पाळी असते. आधी लेकाचा बाण, मग बापाची तलवार, मग जनावराची पाळी. आणि जनावराला पाळी मिळाली की ते पळतं. लेकाचा बाण नेमका वर्मी बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते एका वाराचं सोबती उरलं होतं. वर वेळेची एक पट्टी भराभर कमी होत होती, ती संपायच्या आत मामंजींनी बोट टेकवायचं, की मेलंच. मी सुद्धा करंजी हातात धरून बघत राहिले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात पलीकडून खोकला आला. दाबलेला होता, मग दाबला जाईना, मग सुटलाच. थांबेना. मध्ये श्वास ओढल्याचा तो आवाज मला ओळखीचा होता, आमच्या घरात रोज सकाळी ऐकू येणारा. मामंजींचं बोट हवेतच राहिलं.

"आबा, वार करा. पट्टी संपाय लागलीय."

"खोकला कवापासनं हाय?"

"हवा बदललीय न्हवं. तुमी वार करा आदी."

"मी काय इचारलं?"

पलीकडं आणखी एक उबळ. मग, "यात्रेपासनं."

पट्टी संपली. साळिंदरानं उडी मारली आणि गेलं, मागं चांदीच्या चार ठिणग्या ठेवून. मामंजींनी मोबाईल तोंडाशी धरला, जसा काही लेक त्यातच बसलाय.

"गाळा सोड. दिवाळीला येताना समदं घिऊनच ये. माजी छाती गेली ती बास झाली."

"व्हय आबा," एवढंच पलीकडून आलं.

आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. मला आनंद झाला, खरंच झाला, पण रागही तेवढाच आला. आम्ही दोघी बायका घसा फोडून तेच सांगत होतो, पण बाईच्या तोंडून सांगितलेला खोकला म्हणजे कुरकुर. तोच साळिंदराच्या निमित्तानं कानावर पडला तर लगेच खरा. मामंजी मात्र तीन-चार दिवस तोंड पाडून होते, आणि ते लेकाच्या छातीसाठी की निसटलेल्या शिकारीसाठी, हे मी विचारलं नाही.

मालक आले. औषधपाणी चालू आहे, खोकला कमी आहे, गेलेला नाही. थंडीत आमच्या उसाची तोड झाली. शेवटचा तुकडा उरला, गडी भोवतीनं उभे राहिले, मामंजींची खुर्ची आम्ही बांधावर ठेवली होती. सगळं गप्प. आणि आमच्या मालकांना उबळ आली. एकानं डोळे वटारले, कुणीतरी "आरं गप की" म्हणालं.

"खोकू द्या त्येला," मामंजी म्हणाले.

ससा पलीकडच्या अंगानं निघून गेला. गडी चरफडले. मामंजींनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही. ते लेकाकडं कान लावून बसले होते, आणि त्याचा खोकला थांबेपर्यंत स्वतःचा दाबून धरला होता.