न केलेली फेरतपासणी

लखनऊच्या ज्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, तिथे देशभरातल्या विद्यापीठांतून संशोधक आपापली नवी संयुगं पाठवत. आमचं यंत्र एकेका प्लेटच्या शेकडो बारीक खळग्यांत ती थेंबाथेंबाने रोगजंतूंवर घालायचं. कशाने जंतू मरतात, ते आम्ही कळवायचो. पुढे औषध होणार की नाही, याची ही पहिली चाळणी.

बाकीच्यांची पार्सलं येत. अकोल्याची एक पीएचडीची विद्यार्थिनी मात्र स्वतः आली, बर्फाचा थर्माकोलचा डबा आगगाडीत मांडीवर घेऊन. 'काळा आजार' या रोगावरची तिची चाळीस संयुगं त्यात होती. माझं आडनाव वाचून म्हणाली, "काका, तुम्ही आपल्याकडचे?"

मी तिला मानक नगरच्या घरी जेवायला नेलं. "काकू, असा ठेचा आमच्या अकोल्यातबी नाई भेटत," ती बायकोला म्हणाली. आमची मुलं मराठीला हिंदीत उत्तरं देणारी. ती आठवडाभर येत राहिली आणि घर कितीतरी वर्षांनी मराठीत बोललं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सहकारी हसत म्हणाला, "क्यों सर, मायके से कोई आया है?" सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं.

प्रत्येक संयुग आम्ही दोन प्लेटवर तपासत असू. तिचं सतरावं एका प्लेटवर उत्तम चाललं, दुसरीवर अजिबात नाही. असं झालं की तिसऱ्यांदा तपासायचं, हा आमचा नियम. परक्या कुणाचं असतं तर मी विचारही न करता तपासलं असतं. हिच्यासाठी यंत्र पुन्हा लावलं तर लोक म्हणतील, गाववाल्यांचं काम करतात. मी अहवालात 'निष्क्रिय' लिहिलं.

अहवाल वाचून ती म्हणाली, "काका, एकदा परत पाहता का?"

"नियम सगळ्यांना सारखे असतात," मी म्हणालो. खोटं बोललो.

तिने त्या संयुगावरचं काम सोडलं, पुढे संशोधनही सोडलं. निवृत्तीआधी फ्रीजर आवरताना तिची कुपी हाती लागली. तळाशी थोडंसं उरलं होतं. मी ते तपासलं, मग पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा जंतू मेले. तेव्हा दुसऱ्या प्लेटच्या वेळी यंत्राची एक नळी चोंदली असणार. कुपी रिकामी झाली आणि मी गप्प राहिलो, चार वर्षं.

परवा तिचा नंबर शोधून फोन केला. आता ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सगळं सांगितलं.

"नमुना आहे का अजून?"

"नाही. तपासण्यातच संपला."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

मला लाज वाटत होती, एवढंच सांगता आलं.

"आकडे पाठवा," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी पाठवले. तिच्या मार्गदर्शकांनाही लिहिलं की संयुगात खोट नव्हती, चूक माझी होती. अजून कुणाचं उत्तर नाही. बायको विचारते, ती पोरगी परत कधी येईल? बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. आज सांगेन. माफी मागायचा हक्क मला नाही. पण त्या पोरीला राग आला असेल, तर तिने एकदा इथे यावं, समोर बसावं आणि आपल्या भाषेत मला मनसोक्त बोलावं, असं फार वाटतं.