मुळाशी दिसलेली सावली

दिवसातला शेवटचा एक्स-रे मी दिव्यासमोर धरला. एका किडक्या दातासाठी काढला होता, पण शेजारच्या लहान दाढेच्या मुळाशी वाटाण्याएवढी काळी सावली दिसली. दात मेला की मुळाभोवतालचं हाड असंच झिजतं. तीस वर्षं हेच पाहून डोळे शिणलेत. हात सवयीने 'रूट कॅनाल', म्हणजे दातातली नस काढून टाकणं, लिहू लागला.

खुर्चीतल्या मालतीबाई अंगणवाडीत शिकवतात. मी ती दाढ दाखवली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हा दात तर दुखत नाही हो."

जिवावर आलं होतं, तरी दाताला बर्फ लावून पाहिला.

"आई गं!" त्या उसळल्याच.

मेलेल्या दाताला गारवा कळत नाही; हा दात जिवंत होता. कोन बदलून पुन्हा एक्स-रे काढला, तर सावली मुळापासून बाजूला सरकलेली. म्हणजे ती आजाराची नव्हती; जबड्यातून नस बाहेर येते ते छिद्र होतं, सगळ्यांनाच असतं ते.

"याला काही झालेलं नाही," मी म्हणालो. त्या हसल्या.

त्या गेल्यावर मी अर्धवट लिहिलेलं 'रूट कॅनाल' खोडलं. थकलेल्या डोळ्यांना प्रत्येक काळा ठिपका आजारच वाटतो. अशा किती जिवंत नसा मी काढून टाकल्या असतील, आणि ती माणसं माझे आभार मानून गेली असतील!