खसखशीच्या जागी जास्वंद

पुण्याहून निघण्याआधी आईला मी फोनवर दहादा बजावलं होतं, अनारसे आण, पण बिनखसखशीचे. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे. धुसफुसत का होईना, तिने ऐकलं. आणि बुकित बातोकला माझ्या घरी येऊन दोन दिवस होतात न होतात तोच बाईसाहेबांना आमच्या इमारतीखाली काही म्हाताऱ्या लाल लोकरीची फुलं विणताना दिसल्या.

"कसली गं ही?"

"पॉपी. खसखशीच्याच घराण्यातलं फूल. लढाईत गेलेल्या सैनिकांसाठी. नोव्हेंबरात इथल्या क्रांजीच्या युद्धस्मारकावर वाहतात."

"वा रे वा! दाणे आणले तर तुरुंग, आणि फुलं मात्र मिरवायची!"

मला हसू आवरेना. पण आईची नजर त्या फुलांवरून हलेना. तिचे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात इथल्याच लढाईत गेले. देहही मिळाला नाही. क्रांजीच्या भिंतीवर नाव आहे, एवढंच. त्या नावापाशी आपल्या हातचं फूल ठेवायचं, यासाठीच तर ती आली होती. तिच्या वडिलांची ती इच्छा राहून गेली होती.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून आई खाली! त्या बायकांच्या म्होरक्या म्हणजे आमच्या शेजारच्या चिनी आंटी, नव्वदीला टेकलेल्या, जुन्या शाळामास्तरीण. आईला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. पण हातात क्रोशाची सुई आल्यावर दोघींचं असं काही गूळपीठ जमलं की मला कोणी विचारेना. आईने नमुना एकदा पाहिला आणि झपाझप परडीभर फुलं विणली. संध्याकाळी बघते तर पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेला लांब दांडा, टोकाला पिवळे ठिपके. अस्सल जास्वंद!

"अगं आई, पॉपीला चार पाकळ्या! मध्ये काळं बटण!"

"वाहायचं लाल फूल म्हटलं की माझा हात जास्वंदच करतो. त्याला मी काय करू?"

आंटींनी परडीत डोकावून मान हलवली. ही फुलं पुष्पचक्रात ओवायची, तिथे सगळी एकसारखी लागतात, म्हणाल्या. मी ते आईला सांगितलं मात्र, तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच क्रांजीला निघायचं होतं. "उसवते सगळी," म्हणत तिने एका फुलाचा धागा ओढायला घेतला. मला इतकं वाईट वाटलं!

आंटींनी तिचा हात धरला. फूल काढून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"माझे पपाही त्याच लढाईत गेले," त्या मला म्हणाल्या. "त्यांचंही नाव त्याच भिंतीवर आहे. जन्मात त्यांनी पॉपी पाहिली नाही. आमच्या कंपोंगमधल्या, म्हणजे खेड्यातल्या घराच्या दारात हीच जास्वंद होती. तिला विचार ना, एक मला देईल का?"

मी विचारलं मात्र, आईने सगळी परडीच त्यांच्या मांडीवर ठेवली.

सकाळी क्रांजीला पुष्पचक्रं वाहून झाल्यावर आई काकांच्या नावाखाली गेली. जास्वंद ठेवली, हात जोडले आणि चारचौघांत खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. फूल घरचं आणलंय."

आंटींनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. मग त्या आपल्या वडिलांच्या नावाकडे वळल्या, हातातली जास्वंद खाली ठेवली, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "पपा, फूल घरचं आणलंय."