सुनंदाच्या सायकलच्या नव्या मुठी

रत्नागिरीहून निघताना सासूबाईंनी विचारलं, "मुंबईत काय काम काढलंस?"

"सायकलच्या ग्रिप घ्यायच्यात," मी म्हणाले. त्यांना थट्टा वाटली. पण मी खरोखर तेवढ्यासाठीच निघाले होते.

सुनंदा माझी करी रोडची जुनी मैत्रीण. नवऱ्याची बदली होऊन मी मुंबई सोडली, तोपर्यंत दर रविवारी सकाळी आम्ही दोघी लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत सायकलने जायचो. गेल्या वर्षी ती जिन्यात पडली, उजव्या मनगटात प्लेट बसली. हाड जुळलं, पण हँडल धरलं की थोड्या वेळात बोटं बधिर होऊ लागली. "सायकल विकून टाकते गं," ती फोनवर म्हणाली आणि मी बसचं तिकीट काढलं.

तिची चाळ जाऊन तिथे टॉवर उभा राहिलाय. सायकल बाल्कनीत, जुन्या चादरीखाली होती. चादर काढली तेव्हा सुनंदा माझ्याकडे न बघता घंटी पुसत राहिली.

सायकल हातात धरून आम्ही परळमार्गे दादरला चालत गेलो. दुकानदारानं काउंटरवर ग्रिप मांडल्या. सुनंदाचा हात आधी स्पंजच्या मऊ ग्रिपवर गेला. छान वाटली, पण जोर दिल्यावर ती दबत होती आणि मूठ आवळावी लागत होती. दुसरी जाडजूड, रबराची.

"ही घ्या ताई, सगळे हीच नेतात," दुकानदार म्हणाला.

सुनंदानं ती धरून ब्रेककडे बोटं लांबवली. पोचेनात. "सगळ्यांचे हात मोठे असतील," ती म्हणाली. तिसरी बेताच्या जाडीची होती, बाहेरच्या बाजूला तळवा टेकायला पसरट. तिनं डोळे मिटले, तळवा टेकवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

ग्रिप बसवून सुनंदानं शिवाजी पार्कला एक फेरी मारली. ती परत आली ती हात झटकतच. "मुंगये इले गो (मुंग्या आल्या गं)!" घाबरली की ती मालवणीत शिरते.

पुन्हा चालवायला लावून मी मागून पाहिलं. पसरट भाग खाली झुकला होता, त्यामुळे मनगट मुडपत होतं. दुकानात परतून तो भाग थोडा वर फिरवून घेतला. या वेळची फेरी शांतपणे पार पडली. मग साबुदाणा वडा आणि पियूष (केशर घातलेलं गोड, दाट पेय) झालं. सुनंदानं वडा उजव्या हातानं तोडला, मुद्दाम मला दाखवून.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी तिच्या शेजारणीची सायकल मागून घेतली आणि आम्ही चौपाटीला निघालो. भायखळ्यापर्यंत ती पुढे होती. गिरगावात शिरताना मात्र तिचा वेग मंदावला. खोताच्या वाडीत एक बाई लाकडी घरासमोरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"कुठून आलात?"

"लालबागहून."

"सायकलवर? या, पायरीवर टेका जरा."

सुनंदा बोटं उघडमीट करत बसली. "तू जा पुढे. समुद्र बघून ये. मी थांबते."

चौपाटी हाकेच्या अंतरावर होती. खाऱ्या वाऱ्याचा वास येत होता, की मला तसं वाटत होतं, कोण जाणे. "मला एकटीला जाऊन काय करायचंय?" मी म्हटलं. पाणी पिऊन आम्ही तिथूनच फिरलो.

रत्नागिरीला परतले आणि घरच्या रगाड्याला लागले. काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"कुठे असेन सांग!" सुनंदा धापा टाकत होती. "चौपाटीवर! रोज थोडं थोडं वाढवत गेले. आज सलग आले, एकटीच. थांब, ऐक."

तिनं फोन पाण्याकडे धरला. वारा आणि कावळे, एवढंच ऐकू आलं.

"ऐकतेय," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. फोन ठेवल्यावरही ते भरतच राहिले, तेव्हा कळलं, की सगळा आनंदच नव्हता.

आमच्या घरामागेही समुद्र आहे. मासळी आणायला जाते तेव्हा रोज दिसतो. पण तिथे मी चालत जाते, एकटी जाते, आणि घाम पुसत "पोचलो गं!" म्हणणारं शेजारी कुणी नसतं.