अधांतरी तोललेला मनोरा

अँब्रोज थर्केल हा इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या हॉल्टनबी गावचा वास्तुविशारद. चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा. खोगीरवाल्याच्या दुकानाच्या माडीवर त्यानं कचेरी थाटली आणि उभी हयात तिथेच काढली. शाळा, धान्यबाजार, पाद्र्यांची घरं, काय म्हणाल ते बांधलं. पण लंडनमध्ये त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. बायकोला, हेस्टरला, त्याचं काम म्हणजे चिखलाचे बूट आणि गार झालेलं जेवण, एवढंच ठाऊक.

त्याची पन्नाशी उलटली आणि चर्चचा जुना दगडी मनोरा खचू लागला. ज्या चार खांबांवर तो उभा, त्यांतले दोन वरपासून खालपर्यंत तडकले होते. गावसभेनं मनोरा उतरवायचं ठरवलं. थर्केल म्हणाला, तो आहे तिथेच तोलून धरू आणि खालचे खांब बदलू. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं दारूच्या गुत्त्यात उघड बोललं जाऊ लागलं.

कालव्यातून नावा भरभरून लाकूड आलं. एका दुपारी हेस्टर त्याच्यासाठी मटणाचं जेवण घेऊन चर्चमध्ये गेली आणि उंबऱ्यातच खिळली. तडकलेल्या खांबांच्या जागी नुसती हवा होती. वर मनोऱ्याचा तो अख्खा डोंगर तुळयांच्या जंगलावर टेकला होता, आणि मनोऱ्यातल्या कपारींतून कावळे खुशाल ये-जा करत होते. हे आपल्या नवऱ्याच्या डोक्यातून निघालं?

नवे खांब उभे राहिल्यावर टेकू काढायचा दिवस उजाडला. सारा गाव बाहेर दफनभूमीत जमला. थर्केल मात्र आत, बरोबर मनोऱ्याखालच्या कमानीत जाऊन उभा राहिला. पाद्री पेलिंग दारातून त्याला बाहेर यायला विनवू लागले.

"माझ्या शब्दावर ही माणसं आत पाचरी सोडवताहेत," थर्केल म्हणाला. "मी बाहेर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

हेस्टर पाद्र्यांच्या शेजारून आत शिरली.

"तू कशाला आलीस?"

"जन्मभर ताट वाढून तुमची वाट बघितली. आज इथेच थांबते."

घण पडू लागले. लाकडं कण्हली, वरून चुना भुरभुरला. मग साऱ्या इमारतीतून एक खोल हुंकार गेला, तो हेस्टरला कानांपेक्षा तळपायांना जास्त जाणवला. सगळं शांत झालं. मनोरा उभा होता. गवंड्यांनी टोप्या काढल्या. थर्केलनं घोड्याची मान थोपटावी तसा नवा खांब थोपटला, आणि हेस्टरनं त्याला बाकावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी तो एका शेतकऱ्याच्या डुकरांच्या गोठ्याचा आराखडा काढायला बसला. पुढेही तो असलीच कामं करत राहिला. तो वारल्यावर हेस्टर दर रविवारी त्या खांबाशेजारी बसे. प्रवचन चालू असताना तिची मान वर मनोऱ्याकडे वळलेली असे, आणि तिला कुणी कधी टोकलं नाही.