हात वर करणाऱ्या द्वारकाअक्का

आमच्या गावात कुणी नवखा गाडी घेऊन शिरला, की त्याला वाटायचं, ही म्हातारी लिफ्ट मागते आहे. रस्त्याकडेच्या ओट्यावर बसलेल्या द्वारकाअक्का प्रत्येक गाडीला हात वर करायच्या. पंजा उघडा, बोटं ताठ, आणि वरून खणखणीत आवाज, "हळू चाल रे भो, तुनी माय वाट देखी ऱ्हायनी!" ट्रक असो, काळीपिवळी असो, सरपंचांची पांढरी गाडी असो, वाक्य तेच. सरपंचांची आई वारून बरीच वर्षं झाली होती, पण अक्कांना त्याचं काय!

मी पहिल्या दिवशी शाळेत रुजू व्हायला निघाले तेव्हा मलाही हाच प्रसाद मिळाला. उशीर झाला होता, स्कूटी जरा जोरातच होती. अक्का ओट्यावरून उठून थेट रस्त्यात आल्या. "कोठे आग लागनी का वं बाई?" मी म्हटलं, शाळेत जायचंय, नवीन शिक्षिका आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मास्तरीन शे आनि आशी गाडी चालाडस? मंग पोरेस्ले काय शिकाडशी?" इतका राग आला मला! जळगावच्या मुलीला खेड्यातली बाई गाडी शिकवते म्हणजे काय? पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यापाशी आले आणि हात आपोआप ब्रेकवर गेला. पुढे मी त्यांच्याच शेजारी खोली घेऊन राहिले आणि मग रोज संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच होऊ लागला.

चोपड्याहून जळगावकडे येणारा रस्ता आमच्या गावाला मधोमध कापून जातो. घरं एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. पूर्वी हा रस्ता खड्ड्यांचा होता, बैलगाडीसुद्धा कण्हत जायची. मग तो रुंद आणि गुळगुळीत झाला, गावानं फटाके वाजवले, आणि गाड्या अशा सुसाट सुटल्या की विचारू नका. अक्का म्हणायच्या, "खड्डा व्हतात तवय बरं व्हतं वं. खड्डा पाय मोडस, जीव नही लेस." लोक हसायचे. मीही हसायचे.

मग सना गेली. रशीदभाई गादीवाल्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, दुसरीतली. पाटीवर माझं नाव लिहून दाखवायची आणि 'बाई'मधला 'ई' इतका मोठा काढायची की पाटीच पुरायची नाही. शाळा सुटल्यावर घराकडे निघाली होती, तेवढ्यात गाडी आली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

अक्कांनी त्यानंतर गावाला स्वस्थ बसू दिलं नाही. ग्रामसभेत बाया सहसा मागे बसतात, या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. वेगाची मर्यादा लावा, पाटी लावा आणि शाळेपुढे गतिरोधक घाला, एवढंच मागणं. कुणीतरी म्हणालं, अक्का, पाटीनं कोण थांबतं? त्यावर त्या म्हणाल्या, "कानबाई ऊनी का बठ्ठा ड्रायव्हर ब्रेक दाबतस ना? मंग पोरं रोज जातस, त्यास्नासाठे काबर नही?" श्रावणात कानबाई देवीला डोक्यावर घेऊन बाया नदीकडे निघाल्या की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते, एक हॉर्न वाजत नाही. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. सभेत एकेक हात वर गेला. ठराव झाला.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं आम्हाला वाटलं, एवढे आम्ही भोळे! अक्का आणि मी तालुक्याच्या ऑफिसात किती वेळा गेलो असू, देव जाणे. साहेब मीटिंगला गेलेले असायचे. अक्का बाकावर बसून राहायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "साहेबले सांग, म्हातारी बठेल शे, मरस का काय ते देखी ले." शेवटी पाटी लागली, तीसच्या वेगाची. महिन्याभरात तिच्यावर कुठल्याशा तरुण नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. अक्कांनी विळ्यानं तो कापला, तर गावातलीच पोरं त्यांच्याशी भांडायला आली. पण गतिरोधकही झाला. डांबराचा, चांगला उंच, पांढरे पट्टे मारलेला. त्या दिवशी अक्कांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिला तुकडा रशीदभाईंच्या हातावर ठेवला. रशीदभाई तो मुठीत धरून तसेच उभे राहिले.

आता पुढचं सांगायचं म्हणजे माझं डोकं फिरतं.

आमचं गाव केळीवर जगतं. घड शेतातून कापून पिकअपमध्ये भरायचे आणि पलीकडे थांबलेल्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर न्यायचे. मधे हा गतिरोधक. कितीही हळू घ्या, भरलेली गाडी आदळायचीच आणि कच्च्या केळीला मार लागायचा. तो मार तेव्हा दिसत नाही, पिकल्यावर काळा पडून वर येतो. व्यापारी म्हणू लागला, तुमच्या गावचा माल डागी निघतो, शेजारच्या गावचा घेतो. झालं! ज्यांनी ठरावाला हात वर केला होता, तेच पारावर बसून म्हणू लागले की गतिरोधक जरा जास्तच उंच झाला. खाली केळीची पानं जास्त अंथरू, गाडी आणखी हळू घेऊ, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर कुणी बोललं नाही.

एका संध्याकाळी जेसीबी आला आणि गतिरोधक उकरून गेला. अक्का त्या दिवशी लेकीकडे पारोळ्याला गेल्या होत्या. मुद्दाम तोच दिवस धरला होता. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरल्या आणि रस्त्यात उभ्या राहून खाली बघत राहिल्या. मी धावत गेले. त्यांनी विचारलं, कुणी? मी गप्प. कारण जेसीबीपुढे उभं राहून 'इथून घे, इथून' असं दाखवणारा त्यांचाच मुलगा होता, सुनील. त्याची केळी त्या आठवड्यात कापायला आली होती. माझ्या गप्प बसण्यावरूनच त्या समजल्या. "मनाच आंडोरनी काढं," एवढंच म्हणाल्या. समोर दुकानाच्या दारात रशीदभाई कापूस पिंजायचं थांबवून आमच्याकडे बघत होते. अक्कांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि घरात गेल्या.

सुनील वाईट नव्हता हो. आईच्या पाया पडला, रडला, म्हणाला, माल गेला की मीच पुन्हा बांधतो. पण केळीची कापणी कधी संपते का? याची झाली की त्याची.

अक्का त्याच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी ओटा सोडला आणि गतिरोधक होता त्या जागी शाळा भरताना आणि सुटताना स्वतः उभ्या राहू लागल्या. हात वर. मुलं पलीकडे गेली की हात खाली. सुनील म्हणायचा, "माय, लोके हासतस." त्या म्हणायच्या, "हासू दे. माले काढता येवाव नही कोनले."

पण एका संध्याकाळी त्यांनाही काढलंच. मुलं पार झाली होती. अक्का घराकडे वळल्या आणि एक रिकामी पिकअप त्यांना उडवून निघून गेली, थांबलीसुद्धा नाही. रुग्णवाहिका दूर होती. सुनीलनं आपली पिकअप काढली. त्याच्या आणि माझ्या मधे अक्कांना बसवलं, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. रशीदभाई मागे चढले. सुनीलनं गाडी अशी सोडली की मला खिडकीला धरून बसावं लागलं.

पहिलं गाव दिसलं आणि अक्कांचा हात उठला. कसा उठला, त्यांचं त्यांना ठाऊक. "गाव ऊनं रे भो. हळू."

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं ब्रेक दाबला. गाव संपलं की पुन्हा जोरात, पुढचं गाव आलं की पुन्हा तो हात, आणि पुन्हा ब्रेक. आयुष्यात आईचं कधी न ऐकलेलं त्यानं त्या एका संध्याकाळी सगळं ऐकलं. तो ढसाढसा रडत होता आणि प्रत्येक गावातून गाडी चालत्या माणसासारखी नेत होता. तापीचा पूल ओलांडला. पुढचं गाव आलं आणि हात उठला नाही. तरी त्यानं गाडी हळू केली.

जळगावला डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, आतून रक्त गेलं होतं, फरक पडला नसता, असं मी सुनीलला सांगितलं. खरं काय ते मला माहीत नाही. दहाव्याला सगळे उठून गेल्यावर तो माझ्याजवळ आला. "बाई, मी गाडी दाबली असती तर?" मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

गतिरोधक झालेला नाही. ग्रामसभेत विषय निघतो, कापणी होऊ द्या, मग बघू, असं ठरतं. फ्लेक्स पाटीवर नवा आहे. फक्त सुनीलची पिकअप शाळेपुढे येते तेव्हा मुंगीच्या पावलानं जाते. मागचे कर्कश हॉर्न वाजवतात, शिव्या देतात आणि त्याच्या उजवीकडून दुप्पट जोरात गाडी काढतात. मुलांना वाटतं, गाडी हळू झाली म्हणजे आपण जायचं. परवा पहिलीतलं एक पोर असंच निघालं होतं, मी दप्तर धरून मागे ओढलं म्हणून वाचलं.

तेव्हापासून शाळा सुटली की मी अक्कांच्या जागी उभी राहते. दोन्हीकडे बघते. हात वर करत नाही, केला तरी कुणी थांबत नाही. रस्ता जरा मोकळा दिसला की मुलांवर ओरडते, "पळा रे, पळा!"