कुत्र्यांच्या काळजावर बोट ठेवणाऱ्या आक्का

डॉ. सुमित्रा वडगावकर यांची आणि माझी ओळख त्यांच्या नकारानं झाली. निपाणीत मी नुकताच जनावरांचा दवाखाना थाटला होता. तिथल्या एका तंबाखू व्यापाऱ्याचा जर्मन शेफर्ड मागच्या पायांनी लडखडू लागला, म्हणून त्याच्या कण्यात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढायचा बेत करून मी त्याला बेळगावला घेऊन आलो. भूल द्यायला सुमित्राबाई आल्या होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मांडीच्या आतल्या नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आज भूल न्हाय. ठोका पडतोय, पण दर ठोक्याला नाडी लागंना. आधी काळजाचा पट्टा काढूया." व्यापारी बाहेर मोटारीत वाट बघत होते आणि मी त्यांच्यापुढे मोठ्या बाता मारून आलो होतो. मला राग आला. पट्टा म्हणजे ईसीजी काढला, त्यात हृदयाची लय बिघडल्याचं स्वच्छ दिसलं. औषधं सुरू झाली, आणि पुढे त्याच कुत्र्याला याच बाईंनी भूल दिली. "मी म्हटलं नव्हतं का?" हे वाक्य ऐकायची मी मनाची तयारी करून गेलो होतो. ते त्या म्हणाल्या नाहीत. आजवर म्हणालेल्या नाहीत.

पुढे त्या माझ्या आणि आमच्या सगळ्याच मंडळींच्या आक्का झाल्या. त्यांचं माहेर वडगावचं, घरात माग. आक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सुचवलं होतं की, मागाच्या लयीत वाढल्यामुळे आक्कांचा कान हृदयाच्या ठोक्याला इतका तयार झाला, असं काहीतरी लिहावं. मी आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मागाच्या आवाजानं कान गेला रं, आला न्हाय. म्हणून तर बोट लावून बघते." तेव्हा ती कल्पना मी सोडून देत आहे.

आक्कांचं काम काय, हे आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवं. कुत्र्याच्या कण्याचं चित्र काढायचं तर त्याला हलून चालत नाही आणि कुत्रं सांगून पडून राहत नाही. म्हणून भूल द्यावी लागते. भुलीचं प्रत्येक औषध हृदयाकडून काही ना काही वसूल करतं. एकानं ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या आवळतात, दुसऱ्यानं त्या सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. धडधाकट कुत्रं हे सोसून जातं. पण ज्याची मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जू दाबला गेला आहे, त्या जागी रक्त आधीच जेमतेम पोचत असतं. रक्तदाब आणखी उतरला तर चित्र झकास येतं आणि कुत्रं कायमचं लुळं राहतं. हे आक्का मालकांना समजावून सांगतात ते आमच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा बरं. "मोटार चालू हाय, पण पाण्याला जोर न्हाय. मग टोकाच्या सरीला पाणी जाईल का?" एवढं म्हटलं की, ऊस लावलेला माणूस लगेच मान डोलावतो.

भूल देणाऱ्याच्या हातात कधी ना कधी एखादं हृदय थांबतंच. आक्कांच्याही हातात थांबलं आहे. खडेबाजारातल्या एका कापड दुकानदारांची म्हातारी कुत्री सगळी काळजी घेऊनही टेबलावरून उठली नाही. असा निरोप द्यायला आमच्याकडे सहसा कंपाउंडरला पुढे करतात. आक्का स्वतः बाहेर गेल्या, बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "औषध मी दिलं. माझ्या हातात थांबली." पुढे कसलंही स्पष्टीकरण जोडलं नाही. दुकानदार रडले, मग त्यांनी आक्कांनाच पाणी आणायला सांगितलं, आणि आक्कांनी ते आणून दिलं. दुकानदारांनी पुढचं कुत्रं पाळलं तेव्हा त्याच्या नसबंदीला भूल द्यायला आक्काच हव्यात, असा हट्ट धरला.

आता मण्याची हकीकत. ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण आक्कांविषयी मला जे म्हणायचं आहे ते सगळं तिच्यात आहे.

मण्या उचगावचा. मारुतीअण्णा आणि शेवंताक्का हे शेतकरी जोडपं त्याचे पालक. मुलगी नोकरीला बेंगळूरला गेली आणि तिनं हौसेनं घेतलेलं हे लांब पाठीचं, आखूड पायांचं कुत्रं आईवडिलांकडे राहिलं. वय झालेलं, हृदयाची झडप थोडी गळकी. एका शनिवारी त्याचे मागचे पाय गेले. बेळगावातल्या दवाखान्यात आक्कांनी तपासलं, मागच्या पायांची बोटं चिमटल्यावर त्याला अजून कळत होतं, म्हणजे आशा होती. पण चित्र आणि शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती. एमआरआयचं यंत्र माणसांच्या एका केंद्रात, तिथं फक्त रविवारी दुपारी कुत्र्यांना प्रवेश. शस्त्रक्रियेसाठी मला निपाणीहून बोलावून घेतलं. दवाखान्यातल्या मुलीनं शेवंताक्कांना बजावून सांगितलं, "उद्या त्याला उपवास ठेवा."

रविवारी मण्या आला. भुलीआधी आक्कांनी नेहमीचा प्रश्न केला, "सकाळपासनं काय दिलं न्हाय न्हवं?"

"न्हाय बाई," शेवंताक्का म्हणाल्या. "भाकरी न्हाय, भात न्हाय. निस्ती शाबूची खिचडी दिली. शेंगदाण्याचं कूट घालून. लई आवडीनं खाल्ली बघा."

मी भिंतीकडे तोंड केलं. शेवंताक्कांना आमच्या तोंडावरून काहीतरी चुकल्याचं कळलं. "उपासाला शाबूच चालतोय न्हवं?" त्या घाबरून म्हणाल्या. "एकट्याला कसं ठेवायचं म्हणून मीबी धरला उपास. दोघांनी मिळून खाल्ली."

आक्का हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "चालतोय की," त्या म्हणाल्या. "देवाच्या उपासाला चालतोय. आमचा उपास जरा कडक असतोय, त्यो आम्हीच नीट सांगाया पायजे हुता." मग माझ्याकडे वळून, "थांबायचं."

मी हुज्जत घातली. केंद्र संध्याकाळी बंद होणार, पुढचा रविवार म्हणजे पाय गेल्यात जमा. आक्का म्हणाल्या, "पाय गेलं तर चाकाची गाडी लावता येती रं. भुलीत उलटी झाली आणि शाबू फुफ्फुसात गेला, तर काय लावणार हाईस?" यंत्रावरच्या तंत्रज्ञाला त्यांनी कानडीत विनवलं. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "संजी आगतेत्री, मेडम," म्हणजे संध्याकाळ होईल. पण त्यांच्याकडे पाहून तो थांबला. मधल्या वेळात आक्का फरशीवर शेवंताक्कांच्या शेजारी बसून राहिल्या, मण्याच्या मांडीत एक बोट अडकवून. त्या दोघी बेंगळूरच्या मुलीच्या लग्नाविषयी बोलत होत्या. मी येरझाऱ्या घालत होतो, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

शेवटी वेळ झाली. त्या खोलीत धातूचं काही चालत नाही. आक्कांनी स्टेथोस्कोप, डोक्यातल्या पिना, मंगळसूत्र सगळं काढून ठेवलं आणि मण्याबरोबर आत गेल्या. रक्तदाब मोजायचा पट्टा मण्याच्या शेपटीला, त्याची लांब नळी भिंतीतून बाहेर, आणि बाहेर आकडे बघायला मी. यंत्राच्या खडखडाटात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून ठरलेली खूण अशी की दाब पडू लागला तर मी काचेपाशी हात आडवा धरून खाली न्यायचा.

निम्मं चित्र आलं होतं आणि दाब पडू लागला. पडद्यावर कण्याची ती दाबलेली जागा नुकती दिसायला लागली होती. आणखी थोडी कळ काढली असती तर मला हवं ते मिळालं असतं. मी हात आडवा धरला. खाली न्यायच्या आधीच आक्कांनी काचेतून तळवा दाखवला. त्यांच्या बोटाला ते माझ्या आकड्याआधी कळलं होतं. "स्वल्प निल्लस्री," मी तंत्रज्ञाला थांबायला सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला, कारण थांबवलं की तो भाग पहिल्यापासून. खडखडाट बंद झाला. आक्कांनी भूल पातळ केली, दाब धरून ठेवणारं औषध थेंबाथेंबानं दिलं. सलाइन धोधो सोडायचा मोह त्या वेळी कुणालाही होतो, पण गळक्या झडपेच्या हृदयाला तो भार झेपत नाही. त्या नुसत्या नाडीवर बोट ठेवून उभ्या होत्या. काचेबाहेर शेवंताक्का मला म्हणाल्या, "मशीन बंद का पडलं? मण्या गेला का?" मी म्हणालो, "बाई हाईत आत." खरं सांगायचं तर मलाही तेवढाच आधार होता. दाब वर आला. आक्कांनी मान हलवली. यंत्र पुन्हा सुरू झालं, चित्र पूर्ण आलं, आणि मण्या शेवंताक्कांच्या हाकेला डोळे उघडून जागा झाला.

शस्त्रक्रिया मी केली, भूल पुन्हा आक्कांचीच. त्या दिवशी मण्याचं पोट खरोखर रिकामं होतं. आता आमच्याकडे मालकांशी बोलताना 'उपवास' हा शब्द वापरत नाहीत. "पाण्याशिवाय तोंडात काही नको, शाबूसुद्धा नको" असं सांगतात. परगावचे डॉक्टर ते ऐकून चक्रावतात.

पाय परत येतील की नाही, हे मात्र लगेच सांगता येत नव्हतं. मारुतीअण्णा रोज मण्याच्या पोटाखाली जुन्या साडीचा पट्टा घालून त्याला अंगणात चालवत. मधल्या काळात मी आशा सोडली होती. आक्का दर आठवड्याला फोन करून विचारत, आणि शेवंताक्का दर वेळी "हाय तसंच हाय" म्हणत. मग एक दिवस त्यांनी आम्हा दोघांनाही घरी जेवायला बोलावलं, कारण सांगितलं नाही.

आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा मण्या उंबऱ्यावर झोपला होता. शेवंताक्का ओरडल्या, "मण्या, बग कोण आलंय!" त्यानं डोकं वर केलं. मला पाहून शेपटी हलवली. चिरफाड मी केली होती, पण ती त्याच्या गावीही नव्हती. मग त्याला आक्का दिसल्या. पायाला सुई टोचणाऱ्या, मांडीत बोट खुपसणाऱ्या, मग अंधार करणाऱ्या या बाई त्याच्या पक्क्या लक्षात होत्या. मण्या केकाटला, ताडकन उठला आणि गोठ्याकडे पळत सुटला. मागचे पाय जरा वाकडे पडत होते, पण पडत होते. शेवंताक्का लाजेनं चूर झाल्या. "आसं काय करतंय हे, बाईंनी जीव वाचिवला की रं तुजा!" आक्कांचं तिकडे लक्षच नव्हतं. मी त्यांना इतक्या वर्षांत तेवढं एकदाच रडताना पाहिलं. त्या माझा दंड धरून म्हणत होत्या, "पळतंय रं! चारी पायांवर पळतंय की!"

डॉ. सुमित्रा वडगावकर यांनी यंदा साठी गाठली. बेळगाव-निपाणी भागातली पुष्कळ कुत्री त्यांना दुरून पाहताच शेपूट घालून धूम ठोकतात. अशीच अजून खूप वर्षं खूप कुत्री त्यांना पाहून पळत राहोत, आणि ते बघायला आक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो.